चोरून वांगं खाणारा माणूस

‘नको’ हा शब्द एकदाही न उच्चारता चाळिशी ओलांडलेला माणूस त्या काळी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू होता. लहानपणी त्यांना गोवर आला तेव्हाही त्यांनी त्याला परत पाठवलं नसणार. ‘या, बसा’ असंच म्हटलं असणार. फेरीवाले त्यांना लांबून ओळखत. बोईसर स्टेशनाबाहेर एक कंगवेवाला उभा असायचा, त्याच्याकडून साडूंनी एकदा डझनभर कंगवे आणले. त्यांच्या डोक्यावर तेव्हा केस म्हणावेत असं काही उरलं नव्हतं. कानांच्या वर दोन झुपके होते, त्यांना बोटंसुद्धा पुरत. मी एकदा कंगव्यांकडे, एकदा त्यांच्या डोक्याकडे असा आळीपाळीने पाहत राहिलो, तेव्हा ते ओशाळून म्हणाले, “अहो पाहुणे, तो उन्हात उभा होता. इतक्या आपुलकीने विचारलं त्याने. त्याला आपल्या डोक्याचं कशाला सांगायचं?”

त्यांची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांच्या देशाकडे साडू साडूला ‘पाहुणे’ म्हणतो, म्हणून ते मला पाहुणे म्हणत. आणि वयाने मोठ्या माणसाला नावाने कसं हाकारायचं म्हणून मीही त्यांना पाहुणेच म्हणे. आम्ही दोघं मिळून कुणाकडे गेलो की त्या घरच्या माणसांना शेवटपर्यंत उलगडा होत नसे, की यातला पाहुणा कोण आणि त्याला घेऊन आलेला कोण.

कुंभवलीच्या बाजूला एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. तो काळ कारखान्यांच्या बहराचा होता. काल जिथे भात डोलत होता तिथे आज पत्र्याची शेड उभी दिसायची. सकाळी एकाचा भोंगा संपतोय तोवर दुसऱ्याचा सुरू होई आणि सगळा बोईसर-तारापूर रस्ता पळत सुटे. सायकलवाले घंटा वाजवत, टेम्पोवाले हॉर्न वाजवत आणि पायी चालणारे मनातल्या मनात काहीतरी वाजवत धावत. या धांदलीत एक टकले गृहस्थ हातात सायकल धरून, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे शांतपणे चालताना दिसले, तर ते माझे साडू समजावेत.

सायकल चांगली होती हो. हिरवी, दणकट, घंटेसकट. पण मी त्यांना तिच्यावर बसलेलं फार क्वचित पाहिलं. कारण रस्त्यात कुणी ना कुणी पायी चाललेलं भेटायचंच. आणि ओळखीचा माणूस पायी चाललेला असताना आपण त्याच्या बाजूने सर्रकन निघून जायचं, हे साडूंना पंगतीत शेजाऱ्याचं अर्धं जेवण व्हायच्या आत उठण्यासारखं वाटे. ते उतरत. सोबत चालू लागत. त्या माणसाचा फाटा आला की निरोप घेत, पायडलवर पाय ठेवत, आणि तेवढ्यात पुढे दुसरा दिसे. तो अनोळखी असला, तर ओळख होईपर्यंत उतरत. कामावर वेळेत पोचायचं म्हणून ते घरून इतक्या लवकर निघत, की गावातले कोंबडे त्यांना बघून आरवत. मग सायकल घरीच का नाही ठेवत, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “वा, आणि लोकांच्या पिशव्या कुठे अडकवायच्या?” खरं होतं ते. त्या हँडलला मी लोकांच्या पिशव्या पाहिल्या आहेत, रॉकेलचे डबे पाहिले आहेत, आणि एकदा तर उलटी लटकलेली एक जिवंत कोंबडी पाहिली आहे. तिला साडू ‘अवघडलीस का गं’ असं विचारत चालले होते.

‘काय, बरं आहे ना?’ हे आपण सगळेच विचारतो, आणि उत्तर यायच्या आत पुढचं वळण गाठतो. साडू थांबत. नुसते थांबत नसत, मान जराशी कलती करून ऐकत. समोरचा माणूस बिचारा गोंधळून जाई. आधी तो ‘बरं आहे’ म्हणे. हे अजून उभेच आहेत हे पाहून ‘तसा गुडघा जरा धरतो’ म्हणे. आणि तरीही हे हलत नाहीत म्हटल्यावर भावाभावांतल्या वाटण्यांपर्यंत पोचे. कारखान्याच्या गेटवर बिहारकडचा एक वॉचमन होता. त्याच्या गावच्या म्हशीची खुशाली कळल्याशिवाय साडू रोज आत पाऊल टाकत नसत. ती म्हैस व्यायल्याची बातमी आली, त्या दिवशी साडूंनी सगळ्या स्टोअरला पेढे वाटले. म्हैस दरभंग्याला होती. सुट्टीच्या दिवशी ते न्हाव्याकडे जात आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला ‘तुम्ही व्हा पुढे, मला कुठे घाई’ म्हणत म्हणत, सकाळी नेलेली दाढी संध्याकाळी तशीच घरी घेऊन येत.

अशा माणसाने राहायला कारखान्याजवळची चाळ बघावी की नाही? पण कुणीतरी त्यांना घिवलीतली एक खोली दाखवायला नेलं, आणि इतक्या लांब दाखवायला आणणाऱ्याचं मन कसं मोडायचं म्हणून साडू तिथेच राहिले. बायको तेव्हा देशावर होती, म्हणून एकटेच. घिवली हे समुद्राकाठचं मासेमारांचं गाव. घरांपुढे बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील तोरणासारखे वाळत टांगलेले, अंगणात जवळा, म्हणजे बारीक सुकट, पसरलेला, आणि वारा कुठल्याही दिशेने आला तरी मासळीची गाठ घेऊनच येणारा. आणि आमचे साडू सात पिढ्यांचे शाकाहारी. अंडं फुटलेलं दिसलं तर रात्रीचं जेवण न जाणारे.

खोलीची मालकीण साठीतली, उंच, काटक, हाकेसरशी दोन होड्या थांबवील अशा आवाजाची. बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. साडू तिला मावशी म्हणत, ती त्यांना भाऊ. नवरा कधीचा वारलेला आणि एकुलता एक मुलगा वेरावळकडे ट्रॉलरवर, वर्षानुवर्षं तोंड न दाखवणारा. साडू राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी ती ताट घेऊन दारात उभी राहिली. ताटात तांदळाची भाकरी, वाटीत लालभडक कालवण आणि मधोमध अख्खं तळलेलं पापलेट, साडूंकडे एका डोळ्याने बघणारं. साडू सांगत, की त्या दिवशी त्यांनी मनाची पूर्ण तयारी केली होती. घसा खाकरून झाला होता. ‘मावशी, मी’ एवढं म्हणूनही झालं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, “पोरगा गेला तवापासून संध्याकालची चूल पेटवीत नव्हती मी. एकटीसाटी कोन रांधील? सुका बोंबील भाजायचा नि पडायचं. आज तुमी आलाव म्हनून पेटवली.”

झालं. ‘मी’च्या पुढचं वाक्य साडूंनी गिळलं आणि ताट घेतलं. त्या संध्याकाळी त्यांच्या पोटात गेलं ते एवढंच.

तिथून पुढे त्यांचा तो विलक्षण संसार सुरू झाला. चोरून मासे खाणारे लोक मला पुष्कळ माहीत आहेत. आमच्या पालघरातल्या पाच-सहा घरांकडे मी आत्ता बोट दाखवीन. पण चोरून वांगं खाणारा माणूस मी एवढा एकच पाहिला. दाराला कडी, खिडकीला गोणपाट, स्टोव्ह बारीक, आणि आत साडू घामाघूम होऊन वांग्याची भाजी परतताहेत. फोडणीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून मोहरी इतकी हलक्या हाताने सोडत, की ती तडतडायचं विसरून जाई. वांग्याचे देठ, दुधीची सालं कागदात गुंडाळून कारखान्यात नेऊन टाकत. एकदा एसटीत त्यांच्या पिशवीतून एक गवारीची शेंग खाली पडली, तर ती आपली नाहीच असा चेहरा करून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

आणि ताटातली मासळी? ती डब्यात जाई आणि डबा सकाळी कारखान्यात जाई. त्यांच्या स्टोअरमध्ये गोण्या उचलणारा एक गडी होता. डोंगराकडच्या पाड्यावरचा; पावसाळ्यात आपला तुकडा कसायचा, एरवी कारखान्यात यायचा. तो नाचणीची भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी आणायचा. दुपारी दोघांची डब्यांची अदलाबदल होई, आणि आपल्याच वाट्याला जास्त आलं, या समाधानात दोघंही जेवत. कधी मासळी जास्त असली तर गेटवरच्या वॉचमनलाही एक वाटी पोचे.

अडचण होती ती काट्यांची. मावशी रोज नवं ताट आणताना जुनं परत नेई, आणि नेताना त्यातले काटे बघे. काट्यांशिवाय परत आलेलं ताट म्हणजे तिच्या लेखी मांजराने पळवलेलं ताट. म्हणून साडू डब्यातून काटे परत आणत. पाड्यावरच्या गड्याला त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, की बाबा, बाकी सगळं तुझं, पण काटे माझे. तो पापलेटाचे काटे इमानाने ठेवी. मांदेली असली की मात्र त्याला राहवत नसे. काट्यासकट कुडुमकुडुम चावून टाकी. मग मांदेलीचा काटा आपल्याला लागतच नाही, असं साडूंना मावशीपुढे सांगावं लागे. मावशीने ते गल्लीभर केलं. देशावरचा मानूस, पन काटा कसा साफ करतो बगा, मांदेलीचा तं ठेवतच नाय, आमच्या पोरांना जमनार नाय, असं ती ज्याला-त्याला सांगे. घिवलीत साडूंचा दबदबा वाढला. कुणाच्या हळदीला जेवण असलं की त्यांना पहिल्या पंगतीत बसवत, आणि साडूंना नेमका ऐन वेळी उपास आठवे. इतके उपास कुठल्याच देवाने कधी मागितले नसतील. मावशी हळहळे, आणि उपासाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट मासळी धाडी.

रविवारी कारखाना बंद. रविवारची सोय मी होतो.

माझं सासर शाकाहारी, म्हणून लग्नानंतर माझं घर शाकाहारी. मी मात्र पालघरात जन्मलेला, खाऱ्या वाऱ्यावर वाढलेला. माझ्या जिभेला तो वनवासच होता. तेव्हा दर रविवारी सकाळी मी शटल पकडे. उमरोळी मागे पडलं की तोंडाला पाणी सुटू लागे, ते बोईसरला उतरून घिवलीच्या एसटीत बसेपर्यंत कसंबसं आवरायचं. बायको शेजारणींना कौतुकाने सांगे, “आमच्या दाजींवर यांचा फार जीव. एक रविवार चुकवायचे नाहीत.” जीव होताच. फक्त तो कोळंबीच्या वाटेने जात होता. कडी लावलेल्या त्या खोलीत मी पाटावर बसून सुरमई खातोय आणि माझ्याकडे पाठ करून, नाकाला रुमाल लावलेले साडू वांगं खाताहेत. मधूनच न वळता ‘पाहुणे, काटे’ अशी आठवण करताहेत. जगात याहून सुखाची पंगत मी जेवलेलो नाही.

या सुखाला सुरुंग लागला तो ताईच्या येण्याने. ताई म्हणजे माझी मेव्हणी. सासूच्या आजारपणामुळे ती इतकी वर्षं देशावरच राहिली होती. सासू बरी होऊन धाकट्या मुलाकडे गेली आणि ताई कायमची घिवलीला यायचं ठरलं. साडूंनी जन्मभरात जेवढे नकार गिळले होते, तेवढे सगळे देवाने ताईच्या तोंडात घातले होते. स्वतःच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, तिने पलीकडून ‘वाकडा धरलाय, सरळ धरा’ असं भटजींना सांगितलं होतं. तिच्यापुढे हे नाटक एक दिवसही टिकणार नव्हतं.

साडूंची झोप उडाली. मला वाटलं, खोली सुटेल म्हणून घाबरले असतील. एका रविवारी त्यांनी मनातलं सांगितलं. “पाहुणे, मावशी मला खोटारडा म्हणाली तरी चालेल. म्हणायलाच हवं. पण मी इतकी वर्षं एक घाससुद्धा खाल्ला नाही हे कळलं, तर ती चूल पुन्हा पेटवायची नाही हो. सुका बोंबील भाजून पडून राहील.” मग माझा हात धरून म्हणाले, की तुम्ही बोलण्यात हुशार, तुम्ही तिला हळूच सांगून बघा.

मी गेलो. मावशी चुलीपाशी होती. मला बघताच तिने कोळंबीचं ताट पुढे सरकवलं. सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं खरं, पण ते दुसऱ्याच कामी आलं. परत आलो तेव्हा साडू दारात वाट पाहत होते. काय म्हणाली, असं त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, अजून वाढू का म्हणाली.

ताई आली त्या दिवशी सामान लावायला म्हणून मी आणि माझी बायको, दोघंही घिवलीला गेलो होतो. संध्याकाळी मावशी आली. नवं लुगडं नेसली होती. ताटात हिरवी चटणी भरलेलं एवढं मोठं पापलेट. “माज्या सुनेसाटी,” ती म्हणाली आणि ताट ताईपुढे ठेवलं. साडूंनी डोळे मिटले.

ताईने तिला आधी बसायला पाट दिला. मग म्हणाली, “मावशी, आम्ही मासे खात नाही. हेही खात नाहीत. जन्मात कधी खाल्ले नाहीत.”

मावशी हसली. “बाय, तुज्या नवऱ्याला तूच वलकत नाय. त्यो काटा कसा साफ करतो, गावाला इचार.”

ताईने साडूंकडे वळून एवढंच विचारलं, की खाल्लेत का. साडू कौलांकडे बघू लागले. तिथे एक पाल होती, तिनेही काही मदत केली नाही. मावशीचं हसू हळूहळू विरलं. “मंग खाल्लं कोनी?” ती म्हणाली.

मी पापलेटाकडे बघत होतो. माझी बायको माझ्याकडे बघत होती. तिला त्या एका क्षणात सगळे रविवार दिसले असावेत.

मावशी ओरडली असती, तर साडूंना बरं वाटलं असतं. तिने ताट उचललं, पदराने झाकलं आणि गेली. त्या संध्याकाळी तिच्या कौलांतून धूर निघाला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. भिंतीपलीकडून भाजल्या बोंबलाचा वास तेवढा यायचा, आणि मग लवकरच दिवा मालवला जायचा. आता साडूंच्या घरात दार सताड उघडं टाकून वांगं शिजत होतं. फोडणी बिनधास्त तडतडत होती. तिसऱ्या संध्याकाळी ताईने भाजी वाढायला पळी पुढे केली, तर साडूंनी पानावर हात आडवा धरला आणि म्हणाले, “नको.”

ताईने नंतर मला सांगितलं, की पळी तिच्या हातात तशीच राहिली. या माणसाला काहीतरी झालंय, आपण डॉक्टर बोलवावा, असं तिला आधी वाटलं. मग तिने पळी पातेल्यात टाकली, पदर खोचला आणि तडक शेजारी गेली.

तिथे काय झालं ते ताईच्याच तोंडून कळलं, म्हणजे त्यात तिखटमीठ नाही. ती म्हणाली, की मी माफी मागायला आलेली नाही, खरं ते खरंच. पण तिकडे तो माणूस जेवत नाही, इकडे तुम्ही जेवत नाही, आणि मी एकटी दोन्ही घरांची वांगी खाऊ शकत नाही. मावशी म्हणाली, त्यानं मना येडी केली. ताई म्हणाली, हो केली. तुमची चूल विझू नये म्हणून केली. मला विचाराल तर शुद्ध मूर्खपणा. मग मावशीने विचारलं ते तीन दिवस तिच्या मनात घोळत असलेलं होतं. आणि ते साडूंच्या खोटेपणाबद्दल नव्हतंच.

“टाकलं तं नाय ना? कुत्र्याला तं नाय घातलं?”

“एक तुकडा नाही,” ताई म्हणाली. “पोटभर खाल्लंय लोकांनी.”

“घेऊन ये त्यांना हितं. कोन जेवलं त्ये मना बगायचंय.”

येत्या रविवारचं ठरलं. साडूंनी पाड्यावरच्या गड्याला बोलावलं, वॉचमनला बोलावलं. त्यांच्या हिशेबी खाणारे आम्ही तिघं. पण रविवारी दुपारी मावशीच्या अंगणात माणसं येतच राहिली. गडी आपल्या बायकोला, म्हाताऱ्या आईला आणि पोरांना घेऊन आला. तो निम्मी मासळी रोज बांधून घरी नेत होता, हे साडूंनाही तेव्हाच कळलं. वॉचमनबरोबर त्याच्या खोलीतले सोबती आले. त्याची वाटीही एकट्यात संपत नव्हती. शिवाय घिवलीच्या एसटीचा कंडक्टर आला. तो या सगळ्यात कसा, असं मी साडूंना विचारलं, तर ते खाली मान घालून म्हणाले, “एकदा डबा एसटीतच विसरलो होतो. त्याने परत दिला तो धुऊन. मग अधूनमधून विसरू लागलो.”

मावशीने चटया घातल्या. सगळे ओळीने बसले. जबानी घ्यावी तशी ती एकेकापुढे जाऊन उभी राहिली. काय खाल्लंस? पाड्यावरचा गडी लाजून म्हणाला, “मांदेली.” “आनि काटं?” “त्येपन.” अंगणभर हशा झाला, आणि मावशीच्या तोंडावर इतक्या दिवसांनंतर पहिल्यांदा काहीतरी हललं. त्याची म्हातारी आई म्हणाली, “नातू तापातून उठला, तवा भात तोंडात घेय नाय. तुज्या कालवनाचा वास आला नि जेवला.” मावशी तिच्यापुढे जरा जास्त वेळ उभी राहिली. वॉचमन हात जोडून म्हणाला, “माई, झींगा. हमारे यहाँ अम्मा बनाती हैं, वैसा.” माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मावशी, मी सगळंच खाल्लं. पलीकडे ताईशेजारी बसलेली माझी बायको नुसतं एवढंच म्हणाली, “दाजींवर फार जीव ना.”

वाढायला साडू उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. श्वास रोखून, तोंड बाजूला फिरवून, हातात कालवणाचं पातेलं घेऊन ते ओळीतून निघाले. बघत नसल्यामुळे कुणाच्या पानात दोन डोकी पडली, कुणाला नुसता रस्सा आला. कंडक्टरने अंदाजाने आपलं ताट त्यांच्या पळीखाली सरकवत नेलं. शेवटी मावशीने त्यांना ओळीच्या टोकाला बसवलं, पानात स्वतःच्या हातची तांदळाची भाकरी घातली आणि ताईने त्यावर वांग्याची भाजी. भर अंगणात, सगळ्या घिवलीच्या डोळ्यांदेखत साडूंनी वांग्याचा घास घेतला. मावशी कमरेवर हात ठेवून त्या ओळीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होती. “मी म्हनत व्हती एकासाटी रांधते,” ती म्हणाली. “हितं तं आक्खी पंगत व्हती.”

त्या संध्याकाळी मी आणि माझी बायको एसटीची वाट पाहत उभे होतो, तेव्हा मावशीच्या कौलांतून धूर निघत होता. पुढे पुष्कळ वर्षं निघत राहिला. महिन्यातून एखाद्या रविवारी अंगणात पंगत बसे आणि दर खेपेला ती थोडी लांबे. ताई तांदळाची भाकरी थापायला शिकली आणि ‘पाणी जास्त घेतलंत’ असं मावशीलाच शिकवू लागली. दोघींची भांडणं अशी रंगत, की बोटीवरून परतलेले लोक जाळी खांद्यावर घेऊन ऐकत उभे राहत. माझ्या बायकोने घरचा नियम मोडला नाही, पण मावशीकडचं ते जेवण असतं, मासे नव्हेत, असा निवाडा देऊन तिने माझे रविवार चालू ठेवले. साडू तोंड न फिरवता वाढायला शिकले. श्वास मात्र शेवटपर्यंत रोखूनच.

मग एका पंगतीला मावशीचा मुलगा आला. आईकडे माणसं जेवतात असं त्याच्या कानावर तिकडे वेरावळला गेलं होतं. बायको-मुलांना घेऊन आला, ओळीत बसला आणि खाली मान घालून जेवला. तिकडे त्याने घर बांधलं होतं. आई, आता तू तिकडेच चल, म्हणाला. तिसऱ्या दिवशी मावशी साडूंच्या दारात येऊन उभी राहिली आणि जाऊ का, म्हणून विचारलं. साडूंनी तिला नेहमीप्रमाणे पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जा मावशी. मुलगा जेवायला बोलावतोय.”

जाताना तिने ताईकडे किल्ली दिली. मधूनमधून चूल पेटवत जा, नाहीतर घर ओलावतं, वाळवी लागते, एवढं सांगून गेली.

मागल्या महिन्यात मी घिवलीला गेलो होतो. साडू आता निवृत्त आहेत. घरात नव्हते, ताईने शेजारी बोट दाखवलं. मावशीच्या कौलांतून धूर येत होता. आत गेलो तर साडू चुलीपुढे पाटावर बसले होते, लाकडं नीट आत सारत होते. चुलीवर काही नव्हतं. मी येताच त्यांनी सरकून मला जागा करून दिली, आणि आम्ही दोघं पाहुणे त्या चुलीपुढे बसून राहिलो. बाहेरून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. धूर बघून ती उंबऱ्याशी थांबली आणि मावशी आली काय, म्हणून आत डोकावली.

“नाही अजून,” साडू म्हणाले. “तुम्ही या ना, बसा.”